स्ट्रिंग थिअरीवरचा तो फॉरवर्ड आणि त्यातून गाळलेलं गणित

'स्ट्रिंग थिअरी : विज्ञानातली सर्वांत मोठी फसवणूक' अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. सोसायटीच्या ग्रुपवर आला, जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर आला, तोवर मी दुर्लक्ष केलं. मग तो माझ्या दादाकडे पोचला. दादाने तो बारावीतल्या लेकीला वाचून दाखवला आणि वर सांगितलं की आयसरची (विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय शिक्षण-संशोधन संस्थांची) परीक्षा वगैरे डोक्यातून काढ, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं बघ. त्या मुलीला गणित मनापासून आवडतं. "आत्या, यातलं खरं किती गं?" असं तिने विचारलं. मी आयुष्यभर बी.एस्सी.च्या वर्गांना गणित शिकवलं आहे. हा मजकूर अशा आणखी किती घरांत पोचला असेल कोण जाणे, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देते आहे.

स्ट्रिंग थिअरी म्हणजे जगातले सगळे मूलकण ही कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तंतूंची रूपं आहेत, असं मानणारा भौतिकशास्त्रातला सिद्धांत. मजकुरातले दावे थोडक्यात असे. एक, पन्नास वर्षांत स्ट्रिंग थिअरीला एकाही प्रयोगाने दुजोरा दिलेला नाही, म्हणून ती आणि तिच्यातून आलेलं सगळं खोटं. दोन, शुद्ध गणिताला तिच्यातून काहीही मिळालं नाही. भौतिकवाल्यांनी मनाला येतील ते आकडे सांगितले आणि गणितज्ञांनी माना डोलावल्या. तीन, स्ट्रिंग थिअरीतले आघाडीचे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटन यांना फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मान मिळाला तो दबावगटामुळे. चार, '१ + २ + ३ + … = −१/१२' या चुकीच्या समीकरणावर सगळा डोलारा उभा आहे. पाच, यातलं जे काही खरं आहे ते रामानुजन यांना त्यांच्या कुलदेवतेने, नामगिरी देवीने, २६ मितींसकट आधीच सांगितलं होतं. सहा, भारताचा यात वाटा नाही, पैसा मात्र जातो, तेव्हा हुशार मुलांना असल्या गणिताच्या नादी लावू नका.

पहिल्या दाव्यातलं अर्धं मला मान्य करावं लागतं, आणि ते मी करते. स्ट्रिंग थिअरीला प्रयोगाचा आधार आजवर मिळालेला नाही. तिच्यातल्या तंतूंची लांबी इतकी सूक्ष्म मानली जाते (एका मीटरला एकावर पस्तीस शून्यं एवढ्या संख्येने भागा, साधारण तितकी) की आजचं कुठलंही यंत्र तिथे थेट पोचत नाही. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला, पण स्ट्रिंग थिअरीशी जोडलेल्या अतिसममितीच्या (प्रत्येक कणाला एक जोडीदार असतो या) कल्पनेनुसार जे जोडीदार कण दिसतील अशी पुष्कळांना आशा होती, ते दिसलेले नाहीत. या सिद्धांताला ओळखीच्या चार मितींखेरीज लागणाऱ्या सहा जादा मिती गुंडाळण्याचे मार्ग इतके निघतात की त्यांच्या अंदाजासाठी एकावर पाचशे शून्यं अशी संख्या सांगितली जाते. त्यांतला आपल्या विश्वाचा मार्ग कोणता, हे कोणाला सांगता येत नाही. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत काही जणांनी या सिद्धांताची भलामण गरजेपेक्षा मोठ्या आवाजात केली, हेही खरं. भौतिकशास्त्रातच दुसरे रस्ते चोखाळणारे लोक आहेत. महाराष्ट्रात जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ साली गुरुत्वाकर्षणाची समीकरणं नव्या चलांत मांडली आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी हा वेगळा मार्ग उभा राहिला. तेव्हा निसर्ग खरोखर असा आहे का, या प्रश्नावर वाद आहे आणि तो वाद चालू राहणं योग्यच आहे.

पण प्रयोगाचा दुजोरा मिळाला नाही म्हणून खोटी, हे कुठून आलं? आणि 'तिच्यातून आलेलं सगळं खोटं' हे तर त्याहून चुकीचं. गणितातलं प्रमेय खरं ठरतं ते सिद्धतेने. ते सुचलं कशावरून, याच्याशी त्याच्या खरेपणाचा संबंध नसतो. आपल्याच परंपरेतलं उदाहरण घ्या. भास्कराचार्यांचं ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तलं ग्रहगणित पृथ्वीला मध्यभागी धरून केलेलं आहे. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो ही कल्पना पुढे टाकून द्यावी लागली. पण त्याच ग्रहगणितासाठी त्यांनी दोन कोनांच्या बेरजेच्या ज्येचं (साइनचं) जे सूत्र दिलं, ते टाकून दिलं का? अकरावीच्या पुस्तकात ते आजही आहे आणि आजही तितकंच खरं आहे. स्ट्रिंग थिअरी उद्या निसर्गाचं वर्णन म्हणून सपशेल पडली, तरी तिच्या निमित्ताने सिद्ध झालेली प्रमेयं जागची हलणार नाहीत. मजकूर लिहिणाऱ्याने हे दोन प्रश्न एकमेकांत कालवले आहेत, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातून झाला आहे.

दुसरा दावा वाचून मला खरा राग आला. तो वस्तुस्थितीच्या नेमका उलटा आहे आणि तपासायला सगळ्यांत सोपाही आहे. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

बैजिक भूमितीत एक जुना प्रश्न आहे : अमुक समीकरणाने ठरणाऱ्या आकृतीवर अमुक प्रकारचे वक्र किती बसतात? तिसऱ्या घाताच्या गुळगुळीत पृष्ठभागावर, संमिश्र संख्या धरल्या तर, बरोबर २७ सरळ रेषा असतात. आर्थर केली आणि जॉर्ज सॅमन यांनी १८४९ साली हे दाखवलं. हाच प्रश्न एक पायरी वर नेला, म्हणजे चार मितींच्या प्रक्षेपीय अवकाशात पाचव्या घाताचं एक सर्वसाधारण समीकरण घेतलं, तर तीन संमिश्र मितींची आकृती मिळते. तिच्यावर सरळ रेषा किती? २,८७५. हे जर्मन गणिती हर्मान शुबर्ट यांनी एकोणिसाव्या शतकातच काढलं होतं. सरळ रेषांनंतर येतात दुसऱ्या घाताचे वक्र, म्हणजे शांकव. ते किती? ६,०९,२५०. हे उत्तर यायला १९८६ साल उजाडलं. शेल्डन कात्झ यांनी ते काढलं. रेषांपासून शांकवांपर्यंत एक पायरी चढायला साधारण शंभर वर्षं लागली. तिसऱ्या घाताच्या वक्रांचं मोजमाप तर इतकं किचकट होतं की गाईर एलिंग्सरुड आणि स्टाइन आरिल्ड स्ट्रॉमे या दोन नॉर्वेजियन गणितज्ञांना त्यासाठी कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहावा लागला.

आता भौतिकशास्त्राच्या बाजूने पाहू. स्ट्रिंग थिअरीच्या आजच्या प्रचलित रूपाला दहा मिती लागतात. चार आपल्या ओळखीच्या. उरलेल्या सहा अतिसूक्ष्म आकारात गुंडाळलेल्या असतात असं मानतात. तो आकार कसा असावा, याचं उत्तर भौतिकवाल्यांना गणितात तयार मिळालं. युजेनिओ कालाबी यांनी १९५० च्या दशकात एक अटकळ मांडली होती, शिंग-तुंग याउ यांनी ती १९७० च्या दशकात सिद्ध केली होती. १९८५ साली फिलिप कँडेलास, गॅरी होरोविट्झ, अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि विटन या चौघांनी दाखवलं की स्ट्रिंग थिअरीला हव्या असलेल्या सहा मितींसाठी हे कालाबी-याउ आकार चपखल बसतात. वर सांगितलेली पाचव्या घाताची आकृती (तिच्या तीन संमिश्र मिती म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीने सहा) हा अशा आकारांतला सगळ्यांत ओळखीचा नमुना.

पुढे लक्षात आलं की हे आकार जोडीजोडीने येतात. जोडीतले दोन आकार भूमितीने पूर्ण वेगळे, पण दोन्हींवर मांडलेली भौतिकी तंतोतंत एकच. याला मिरर सिमेट्री म्हणतात. १९९१ साली कँडेलास, झेनिया दे ला ओसा, पॉल ग्रीन आणि लिंडा पार्क्स यांचा एक निबंध 'न्यूक्लिअर फिजिक्स बी' या नियतकालिकात आला. माझ्या संपूर्ण उत्तराचा भार या एका निबंधावर टाकायलाही मी तयार आहे. या चौघांनी म्हटलं की एका आकारावर वक्र मोजणं महाकठीण, पण त्याच्या जोडीदारावर तोच प्रश्न एक विकल समीकरण (डिफरेन्शियल इक्वेशन) सोडवण्याइतका सोपा होतो. ते त्यांनी सोडवलं आणि उत्तर श्रेणीच्या रूपात मांडलं. तिचे सहगुणक उलगडले की पहिल्या पायरीवर २,८७५ निघतात. दुसऱ्या पायरीवर ६,०९,२५०. तिसऱ्यावर ३१,७२,०६,३७५. चौथ्यावर २,४२,४६,७५,३०,०००. आणि असंच हवं तितकं पुढे. गणितज्ञांना जी एक पायरी चढायला शतक लागलं होतं, तिथे या चौघांनी सगळा जिनाच उभा करून दिला.

गणितज्ञांनी माना डोलावल्या का? मुळीच नाही. एलिंग्सरुड आणि स्ट्रॉमे यांच्या प्रोग्रॅमने तिसऱ्या घातासाठी २,६८,२५,४९,४२५ असं उत्तर दिलं होतं. भौतिकवाल्यांचं उत्तर ३१ कोटींच्या घरात, यांचं २६८ कोटींच्या. १९९१ च्या मे महिन्यात बर्कलीच्या गणित संशोधन संस्थेत दोन्ही बाजूंची माणसं एकत्र बसली, तेव्हा संशय भौतिकवाल्यांवर होता आणि तो रास्तही होता, कारण त्यांच्याकडे सिद्धता नव्हती. काही आठवड्यांनी नॉर्वेच्या जोडीला स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली. ती दुरुस्त केल्यावर उत्तर आलं ३१,७२,०६,३७५. त्यांनी ते लगेच, काही न लपवता, सगळ्यांना कळवलं.

नऊ अंकी संख्या, दोन वेगळ्या वाटांनी काढलेली, शेवटच्या अंकापर्यंत सारखी. याला मनाला येतील ते आकडे सांगणं म्हणणाऱ्याने ही गोष्ट वाचलेलीच नाही.

गणितज्ञ तिथेही थांबले नाहीत. आकडा जुळणं म्हणजे सिद्धता नव्हे, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मॅक्सिम कोन्त्सेविच यांनी या वक्रांच्या मोजणीला पक्का गणिती पाया दिला आणि चौथ्या घाताचा आकडा स्वतंत्रपणे पडताळला. अलेक्झांडर गिवेन्ताल यांनी १९९६ साली आणि बाँग लियान, केफंग लियू व याउ यांनी १९९७ साली भौतिकवाल्यांचं सूत्र सगळ्या घातांसाठी सिद्ध केलं. आता ते प्रमेय आहे. उद्या जगातले सगळे भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रिंग थिअरी सोडून गेले तरी त्या आकृतीवर तिसऱ्या घाताचे ३१,७२,०६,३७५ वक्रच राहतील. दरम्यान कोन्त्सेविच यांनी १९९४ च्या झुरिक इथल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत मिरर सिमेट्री शुद्ध बीजगणिताच्या भाषेत मांडली. त्या एका व्याख्यानातून निघालेल्या प्रश्नांवर आज गणित विभागांत, भौतिकशी काडीचा संबंध न ठेवता, माणसं आयुष्यं घालवत आहेत.

बाकीची उदाहरणं भरभर सांगते. १९९१ साली विटन यांनी द्विमितीय गुरुत्वाच्या विचारातून एक अटकळ मांडली; कोन्त्सेविच यांनी ती सिद्ध केली आणि त्यांच्या १९९८ च्या फील्ड्स पदकामागच्या कामात ती होती. इराणच्या मरियम मिर्झाखानी यांनी तिची पूर्ण वेगळी सिद्धता अतिपरवलयी भूमितीतून दिली. २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणारी ती पहिली स्त्री. १९९४ ची सायबर्ग-विटन समीकरणं तर आली आणि चार मितींच्या आकारांच्या अभ्यासातल्या लांबलचक सिद्धता काही महिन्यांत आखूड झाल्या. हे शेवटचं उदाहरण काटेकोरपणे बघितलं तर स्ट्रिंग थिअरीचं नाही, तिच्या शेजारच्या क्वांटम फील्ड थिअरीचं आहे. पण माणसं तीच आणि विचार करण्याची पद्धतही तीच.

या दाव्यातही एक अर्धसत्य दडलेलं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. भौतिकवाले सिद्धता देत नाहीत, ही तक्रार खुद्द गणितज्ञांचीच होती. आर्थर जॅफी आणि फ्रँक क्विन यांनी १९९३ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'बुलेटिन'मध्ये स्पष्ट लिहिलं की तर्काला तर्क म्हणावं, प्रमेयाला प्रमेय म्हणावं; नाहीतर श्रेय अटकळ मांडणारा घेऊन जाईल आणि सिद्धतेची मेहनत करायला कोणी उरणार नाही. पुढच्या वर्षी मायकल अतिया, विल्यम थर्स्टन आणि इतर अनेकांनी तिथेच उत्तरं दिली. काही सहमत होती, काही बरीच तिखट. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याला जे आज सुचलं, त्यावर गणितज्ञांनी उघडपणे, नावानिशी वाद घातला त्याला तीस वर्षं उलटून गेली. त्यांनी तो वाद घातला तो काम अधिक चोख व्हावं म्हणून.

तिसरा दावा. विटन यांना १९९० साली क्योटोमध्ये फील्ड्स पदक मिळालं. तो मान मिळालेले ते पहिले भौतिकशास्त्रज्ञ. तेव्हा अतिया यांनी त्यांच्या कामाची जी ओळख करून दिली, तिच्यात काय होतं ते बघा : सामान्य सापेक्षतेतल्या धन ऊर्जेच्या प्रमेयाची नवी सिद्धता, मोर्स सिद्धांताकडे बघण्याची नवी दृष्टी, आणि गाठींच्या अभ्यासातल्या जोन्स बहुपदीचा त्रिमितीय अर्थ. यातली एकही गोष्ट स्ट्रिंग थिअरी निसर्गात खरी असण्यावर अवलंबून नाही. ज्यांची ती बहुपदी, त्या व्हॉन जोन्स यांनाही त्याच समारंभात पदक मिळालं. यात दबावगट कुठे आला?

चौथा दावा : −१/१२. एक, दोन, तीन, चार अशी बेरीज करत गेलं तर ती वाढतच जाते. ती −१/१२ होते असं कुठलाही जाणता माणूस म्हणत नाही. म्हणतात ते असं. प्रत्येक पदाला हळूहळू शून्याकडे जाणाऱ्या घातांकी गुणकाने गुणा, म्हणजे बेरीज सांत होते. मग तो गुणक सैल करत न्या. बेरजेचे दोन भाग पडलेले दिसतात : एक अमर्याद वाढणारा आणि एक जागचा न हलणारा. न हलणारा भाग बरोबर −१/१२. भौतिकशास्त्रात वाढणारा भाग मोजमापाच्या व्याख्येत सामावून जातो आणि न हलणारा भाग तेवढा परिणाम करतो. झीटा फलनाच्या भाषेत हीच गोष्ट रीमान यांच्या १८५९ च्या कामापासून शुद्ध गणितात बसलेली आहे. ऑयलर यांना तिचा सुगावा त्याही आधी शंभर वर्षं लागला होता. आणि डोलारा त्यावर उभा आहे म्हणावं तर तेही नाही. स्ट्रिंग थिअरीच्या सर्वांत साध्या रूपाला २६ मिती लागतात, हा निष्कर्ष ती बेरीज अजिबात न वापरता, सापेक्षतेची सममिती मोडू नये एवढ्या अटीवरूनही निघतो. दोन्ही वाटा २६ वरच पोचतात.

आता पाचवा दावा. हा मला दुसऱ्याइतकाच खुपतो, कारण यात रामानुजन यांचं नाव घेऊन त्यांच्या कष्टांवर पाणी फिरवलं आहे. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. ती त्यांची होती आणि त्यांनी ती लपवली नाही. पण रामानुजन १९२० साली गेले, आणि स्ट्रिंग थिअरीची सुरुवात झाली १९६८ साली, गाब्रिएले व्हेनेझियानो यांनी ऑयलर यांचं बीटा फलन कणांच्या टकरींसाठी वापरलं तेव्हा. २६ मितींबद्दल रामानुजन यांनी एक ओळही लिहिलेली नाही. त्यांनी जे लिहिलं ते पुष्कळ खोल आहे. १९१६ च्या निबंधात त्यांनी एक अनंत गुणाकार घेतला, त्याचा चोविसावा घात घेतला आणि येणाऱ्या सहगुणकांबद्दल अटकळी मांडल्या. त्यांतल्या दोन लुई मॉर्डेल यांनी पुढच्याच वर्षी सिद्ध केल्या. सर्वांत कठीण अटकळ सिद्ध व्हायला १९७४ साल लागलं. ते पिएर दलीन यांनी केलं, बैजिक भूमितीतली विसाव्या शतकातली सगळ्यांत अवघड साधनं वापरून. ब्रूस बर्न्ट यांनी रामानुजन यांच्या वह्यांतल्या निष्कर्षांच्या सिद्धता लिहिण्यात काही दशकं घालवली. एवढी मेहनत लागली ती रामानुजन यांनी मांडलेलं गणित होतं म्हणून.

मग २४ आणि २६ चा संबंध खरोखर आहे का? आहे, आणि तो मजकुरातल्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे. २६ मितींत हलणाऱ्या तंतूला कंप पावायला २४ आडव्या दिशा उरतात. त्याच्या अवस्था मोजायला बसलं की रामानुजन यांच्या त्याच चोविसाव्या घाताचा व्यस्त समोर येतो. चोवीस मितींत गोळे रचण्याची एक विलक्षण दाट मांडणी आहे, लीच जालक नावाची. तिच्या सममितींतून पुढे 'मॉन्स्टर' नावाच्या प्रचंड गटाकडे (गणितात गट म्हणजे सममितींचा संच) वाट जाते. त्यातल्या घटकांची संख्या लिहायला ५४ अंक लागतात. १९७८ साली जॉन मॅकाय यांच्या लक्षात आलं की संख्या सिद्धांतातल्या एका प्रसिद्ध फलनाचा सहगुणक १,९६,८८४ आहे आणि मॉन्स्टरच्या सर्वांत लहान बिगरक्षुल्लक प्रतिरूपाची, म्हणजे तो गट सममिती म्हणून ज्यात उभा करता येतो अशा सर्वांत लहान अवकाशाची, मिती १,९६,८८३. फरक एकचा. योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. जॉन कॉनवे आणि सायमन नॉर्टन यांनी सोडलं नाही, त्यातून नेमकी अटकळ तयार केली. ती १९९२ साली रिचर्ड बोर्चर्ड्स यांनी सिद्ध केली, आणि त्या सिद्धतेत त्यांनी स्ट्रिंग थिअरीतलं १९७२ चं एक प्रमेय थेट वापरलं, जे २६ मितींतच हवं तसं चालतं. १९९८ चं फील्ड्स पदक त्यांना त्यासाठी मिळालं. दुसऱ्या दाव्याचं हेही एक उत्तर.

रामानुजन आणि कृष्णविवरं यांचाही खरा दुवा आहे, आणि तो आपल्या जवळचा आहे. जानेवारी १९२० मध्ये, मृत्यूच्या तीन महिने आधी, रामानुजन यांनी केंब्रिजमधले आपले सहकारी गणितज्ञ हार्डी यांना मॉक थीटा नावाच्या एका नव्या प्रकारच्या फलनांबद्दल पत्र लिहिलं. ही फलनं नेमकी काय आहेत, याचं समाधानकारक उत्तर सांडर झ्वेगर्स यांच्या २००२ च्या प्रबंधात मिळालं. त्यानंतर अतीश दाभोलकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांनी २०१२ साली दाखवलं की स्ट्रिंग थिअरीतल्या काही कृष्णविवरांच्या क्वांटम अवस्था मोजताना नेमकी याच जातीची फलनं येतात. त्या मोजणीतून संख्या सिद्धांताला नव्या उदाहरणांचा साठा मिळाला. दाभोलकर मराठी आहेत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं, आणि २०१९ साली ते इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले. देवीच्या गोष्टीवर माना डोलावणाऱ्या किती जणांनी हे नाव ऐकलं आहे?

सहाव्या दाव्याचं अर्धं उत्तर यात आलंच. उरलेलंही त्याच टाटा संस्थेत, कुलाब्यात, सापडेल. टाटा संस्थेत १९६५ साली एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी वक्रांवरच्या सदिश गठ्ठ्यांबद्दल एक प्रमेय सिद्ध केलं. तेव्हा स्ट्रिंग थिअरी जन्मायची होती. वीसेक वर्षांनी भौतिकवाले स्ट्रिंगच्या अभ्यासातून त्याच गठ्ठ्यांच्या अवकाशांपाशी येऊन पोचले, आणि १९८८ साली एरिक व्हर्लिंडे यांनी एक सूत्र सांगितलं, ज्यातून या अवकाशांवरच्या थीटा फलनांची संख्या निघते. गणितज्ञांना ते सूत्र स्वप्नातही सुचलं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत ते सिद्ध करणाऱ्यांत पुन्हा नरसिंहन होते, टी. आर. रामदास आणि श्रवण कुमार यांच्यासारख्या भारतीयांबरोबर. १९९४ साली अशोक सेन यांनी, तेही याच संस्थेत असताना, द्वैताच्या (वेगळी दिसणारी दोन वर्णनं मुळात एकच असण्याच्या) कल्पनेवरून भाकीत केलं की चुंबकी एकध्रुवांच्या (एकच ध्रुव असलेल्या कल्पित चुंबकांच्या) अवकाशांवर विशिष्ट प्रकारची हार्मोनिक रूपं असलीच पाहिजेत. दोन एकध्रुवांसाठी त्यांनी ते रूप लिहूनच दाखवलं. हे अवकाश अतिया आणि नायजेल हिचिन यांनी आधी अभ्यासलेले होते. ही रूपं त्यांवर असतील असं कोणी शोधलं नव्हतं. १९९६ मध्ये ग्रॅम सीगल आणि ॲलेक्स सेल्बी यांनी कितीही एकध्रुवांसाठी त्या भाकिताला गणिती आधार दिला. सेन यांच्या त्या निबंधाने जगभरच्या स्ट्रिंग थिअरीची दिशा बदलली.

पैशाबद्दल फारसं लिहायची गरज नाही. या कामाला फळा, कागद, कॉम्प्युटर आणि पगार लागतो. जिनिव्हाचं यंत्र स्ट्रिंग थिअरीसाठी बांधलेलं नाही.

राहिला मुलांना दिलेला सल्ला. संशोधनातल्या कायमच्या जागा थोड्या आहेत, वाट लांब आहे आणि पीएच.डी.नंतरही काही वर्षं अस्थिरतेची जातात. हे कोणी सांगितलं तर मी त्याच्याशी भांडणार नाही. मुलांना ते सांगितलंच पाहिजे. पण आयसरला गेलेली मुलगी पहिल्या वर्षी स्ट्रिंग थिअरी शिकत नाही. ती कलन शिकते, रेषीय बीजगणित, यांत्रिकी, संभाव्यता शिकते, त्यांच्या बरोबरीने रसायन आणि जीवशास्त्रही. स्ट्रिंग थिअरीशी गाठ पडलीच तर शेवटच्या वर्षांत किंवा पीएच.डी.ला, आणि तीही तिने स्वतः निवडली तर. तोवर तिच्या हाती आलेलं गणित विमा कंपनीत चालतं, हवामान खात्यात चालतं, आणि दादाला हव्या असलेल्या कॉम्प्युटरच्या नोकरीतही चालतं. मजकुरातले सहाच्या सहा दावे खरे निघाले असते, तरी बारावीतल्या मुलीने आयसरचा फॉर्म भरू नये असं त्यातून निघत नव्हतं.